१४,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील ओढायला पेट्रोल व्ही-८ की डिझेल, आणि ॲक्सल कितीचा?

प्रश्न थोडक्यात असा: भरल्यावर १४,००० पौंड होणारा फिफ्थ-व्हील ट्रेलर (ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यातल्या हिचवर पिनने टेकतो), चौघांचं कुटुंब, डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे वर्षातून बऱ्याच फेऱ्या. फोर्ड सुपर ड्यूटी घ्यायची हे ठरलंय. ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन घ्यावं की ६.७ डिझेल? आणि मागच्या ॲक्सलचा रेशो (चाक एकदा फिरायला ड्राइव्ह शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) ३.५५ चालेल की ४.३० च हवा?

उत्तर आधी, कारणं मागून. हा रस्ता आणि हे वजन असेल तर डिझेल, पण एफ-२५० मध्ये नाही, एफ-३५० मध्ये, ॲक्सल ३.५५. कोलोरॅडोचे घाट वगळून टेक्सस, कॅन्सस अशा सपाट मुलखातच फिरणार असाल तर ७.३ पेट्रोल आणि ४.३०, आणि वाचलेले पैसे खिशात.

आता कारणं. सुरुवात इंजिनापासून न करता पेलोडपासून (गाडी स्वतःवर घेऊ शकते त्या वजनापासून) करू, कारण बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर पिवळ्या पट्टीचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेलं असतं. माहितीपत्रकातला आकडा नाही, हा स्टिकरचा आकडा धरायचा. फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनापैकी साधारण २० ते २२ टक्के भार पिनमधून थेट गाडीच्या मागच्या ॲक्सलवर येतो. १४,००० चे २० ते २२ टक्के म्हणजे २,८०० ते ३,१०० पौंड. हिचचं स्वतःचं वजन १५० ते २००. चार माणसं, कुत्रा, टूलबॉक्स, थोडं जळण असं धरून ७०० ते ८००. बेरीज ३,६५० ते ४,१०० पौंडांवर जाते.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा ढोबळमानाने सहाशे ते आठशे पौंडांनी जड असतं, आणि हे वजन पेलोडमधूनच वजा होतं. त्यातून बऱ्याच एफ-२५० चा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, मुद्दाम १०,००० पौंडांवर ठेवलेला असतो, कारण त्याच्या वर गाडीचा वर्ग बदलतो. क्रू कॅब, फोर बाय फोर, डिझेल अशी एफ-२५० मोकळीच पावणेआठ-आठ हजारांच्या आसपास भरते. उरला पेलोड दोन हजार, फार तर थोडा वर. म्हणजे जाहिरातीत वीस हजार पौंड ओढणारी गाडी तुमचा ट्रेलर पिनवर नुसता टेकवतानाच हरते. तीच गाडी एफ-३५० म्हणून घेतली, मागे एकेकच चाक असलेली, तर जीव्हीडब्ल्यूआर ११,००० ते १२,००० च्या घरात जातो आणि हिशोब बसतो. किमतीतला फरक त्या मानाने किरकोळ असतो.

मागच्या टायरांचंही बघून घ्या. एलटी २७५/७०आर१८, लोड रेंज ई या टायरची क्षमता एका टायरला सुमारे ३,६४० पौंड, जोडीला ७,२८०. मोकळ्या डिझेल पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर आधीच तीन हजारांच्या वर वजन असतं, त्यात पिनचे तीन हजार. बसतं, पण फार मोकळीक उरत नाही. पिनचं वजन ३,५०० च्या वर जाणार असेल तर मागे चार चाकांची, म्हणजे ड्यूअली, गाडी बघायची. ट्रेलर हातात आला की तो भरून, पाणी आणि माणसांसकट, एकदा ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर न्या. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. मग ट्रेलर सोडून नुसती गाडी पुन्हा तोला. दोन्ही वेळच्या गाडीच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. कंपनीने छापलेलं कोरडं पिन वेट या कामाला निरुपयोगी असतं. ते बॅटरी, गॅसच्या टाक्या आणि संसार चढवण्यापूर्वीचं असतं.

आता इंजिन. शोरूममध्ये टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा विकला जातो, पण घाट चढते ती अश्वशक्ती. टॉर्क पौंड-फुटांत धरा, आरपीएमने गुणा, ५,२५२ ने भागा. येते ती अश्वशक्ती. गिअर बदलून चाकावरचा टॉर्क हवा तेवढा वाढवता येतो, अश्वशक्ती मात्र कुठल्याही गिअरने वाढत नाही.

तुमच्या जोडीचं गणित मांडू. गाडी आणि ट्रेलर मिळून २२,००० पौंड. ६ टक्के चढावर नुसतं गुरुत्वाकर्षणच १,३२० पौंडांनी मागे ओढतं. टायरांचं घर्षण वजनाच्या एक टक्का धरू, म्हणजे २२०. ताशी ६० मैलांना उंच फिफ्थ-व्हीलला हवेचा विरोध साधारण ५५० पौंड येतो. एकूण २,०९० पौंड. ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. २,०९० गुणिले ८८ भागिले ५५० केलं की चाकांवर ३३४ अश्वशक्ती लागतात. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि ॲक्सलमध्ये १५ टक्के जातात असं धरलं तर इंजिनाने ३९० च्या आसपास द्यायला हव्यात. ७.३ पेट्रोलची कमाल ४३०, तीही ५,५०० आरपीएमला. म्हणजे समुद्रसपाटीवर ६ टक्के चढ ते ६० ने ओढेल, ओरडत का होईना. एवढं आरपीएम पाहून घाबरायचं कारण नाही. लोखंडी ब्लॉकचं, ब्लॉकमधल्या कॅमशाफ्टचं हे इंजिन त्याच कामासाठी बनवलंय. घाबरून पाय उचलला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, वेग पडतो, पुन्हा खालचा गिअर पडतो, आणि ही वर-खाली चालू राहिली की तेल तापतं.

पण आय-७० समुद्रसपाटीवर नाही. डेन्व्हरच ५,२८० फुटांवर, आणि आयझेनहॉवर बोगदा ११,१०० फुटांच्या वर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के दम गमावतं. बोगद्यापाशी ७.३ च्या ४३० अश्वशक्तींपैकी २९० च्या आसपास उरतात, चाकांवर अडीचशे. तिथला चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो. विरळ हवेमुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो हे जमेला धरलं तरी गणित ताशी ४५-४६ मैलांवर थांबतं. उजव्या लेनमध्ये, इंजिन पाच हजारांच्या आसपास, ट्रकांच्या रांगेत. धोकादायक नाही, पण वर्षातून बऱ्याच वेळा करायचं असेल तर मन रमत नाही.

डिझेलला टर्बो असतो, तो विरळ हवा दाबून भरतो आणि उंचीवरची घट बरीचशी भरून काढतो. ६.७ पॉवर स्ट्रोकची, म्हणजे फोर्डच्या याच डिझेलची, हाय आउटपुट आवृत्ती ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पौंड-फूट देते, साधी आवृत्ती ४७५ आणि १,०५०. उंचीवर थोडी घट आणि उष्णतेमुळे संगणकाने केलेली थोडी कपात धरूनही तोच चढ ६० ने निघतो. डिझेल अधिक वजन ओढतं म्हणून घ्या असं म्हणणं इथे अर्धवट आहे. तुमचं वजन पेट्रोलही ओढतंच. डिझेलचे पैसे उंचीसाठी आणि उतारासाठी द्यायचे.

उताराचं बोलायलाच हवं, कारण डिझेलची खरी चैन तिथे आहे. ६ टक्के उतार, ताशी ५५ मैल, या वेळी वजन २४,००० धरू. गुरुत्वाकर्षण पुढे ढकलतं १,४४० पौंडांनी. टायर २४० खातात, वारा सुमारे ४६५. उरलेले ७३५ पौंड कुणीतरी धरून ठेवायचे, आणि त्या वेगाला ती होते सतत १०८ अश्वशक्तींची उष्णता. ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये गेली तर काही मैलांत पॅड तापतात, पॅडल मऊ लागतं आणि मग जे होतं ते रनअवे रॅम्पवर, म्हणजे ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठीच्या वाटेवर. डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक टर्बोच्या हलत्या पात्यांनी एक्झॉस्टची वाट अडवतो आणि हे ओझं बहुतांशी इंजिनावर घेतो. पेट्रोल इंजिनही अडवतं, पण त्यासाठी खालचा गिअर आणि चार-साडेचार हजार आरपीएम लागतं, आणि ५५ ऐवजी ४० ने उतरायची तयारी लागते. कुठलंही इंजिन असो, टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर बदलायची खास पद्धत) घाटाच्या माथ्यावरच चालू करायचा, वेग तिथेच पाडायचा. वेग वाढल्यावर गिअरबॉक्स खालचा गिअर घ्यायला नकार देतो, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल.

आता गिअरिंग. जुन्या पुस्तकी शहाणपणाचा इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ॲक्सल रेशो ४.३० म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट ४.३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, हे खरं. मात्र गिअरबॉक्स दहा गिअरचा असेल तर ही ओढ सगळीकडे सारखी कामाला येत नाही.

फोर्डच्या १०आर१४० गिअरबॉक्सचे रेशो असे: पहिला ४.६१५, दुसरा २.९१९, तिसरा २.१३२, चौथा १.७७३, पाचवा १.५१९, सहावा १.२७७, सातवा १.०००, आठवा ०.८५१, नववा ०.६८७, दहावा ०.६३२. आरपीएम काढायचं सूत्र सोपं आहे: ताशी मैल गुणिले ३३६ भागिले टायरचा इंचांतला व्यास, मग गिअरचा रेशो आणि ॲक्सलचा रेशो यांनी गुणायचं. २७५/७०आर१८ टायरचा व्यास ३३.२ इंच धरू.

ताशी ६० मैल, चढ. ३.५५ ची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ४,५९६ आरपीएमवर असेल. ४.३० ची गाडी चौथ्या गिअरमध्ये ४,६२९ वर. फरक तेहतीस आरपीएमचा. इंजिनाला आणि ट्रेलरला यातला भेद कळतसुद्धा नाही. फक्त डॅशबोर्डवर वेगळा आकडा दिसतो. ६५ ला सौम्य चढावर ३.५५ पाचव्यात ३,५४७ आणि ४.३० सहाव्यात ३,६१२. पुन्हा तेच.

फरक पडतो तो गिअरमधल्या फटींमुळे. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत गिअर दाट आहेत, एकेका पायरीला १७ ते २० टक्के. पण दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३७ टक्क्यांची दरी आहे. ताशी ५२ ला ३.५५ ची गाडी एक तर तिसऱ्यात ३,९८३ वर असते, नाहीतर दुसऱ्यात ५,४५३ वर, अगदी कमाल शक्तीच्या टोकाला. ४.३० ची गाडी तिथे तिसऱ्यात ४,८२५ वर, छान मधोमध. पण ४६ ला उलटं होतं: ४.३० ला तिसऱ्यात ४,२६८ वर समाधान मानावं लागतं, कारण दुसऱ्यात ५,८४३ होतील आणि ते इंजिनाच्या कामाच्या टप्प्याबाहेर आहे, तर ३.५५ दुसऱ्यात ४,८२४ वर आरामात बसते. म्हणजे घाटात ४.३० नेहमीच सरस हा समज दहा गिअरच्या गाडीला लागू होत नाही. कुठल्या वेगाला कुठली दरी येते यावर ते ठरतं.

मग ४.३० घ्यायचा कशासाठी? सुरुवातीसाठी. पहिल्या गिअरच्या खाली आणखी गिअर नाही, तिथे ॲक्सलशिवाय दुसरा उपाय नसतो. ३.५५ ला पहिल्या गिअरची एकूण घट १६.४, ४.३० ला १९.८, सुमारे २१ टक्के जास्त. पेट्रोल इंजिन हजार-दीड हजार आरपीएमला तसं अशक्त असतं, म्हणून उभ्या चढावर सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) घसरत राहतो आणि घसरणीची सगळी उष्णता तेलात जाते. घट जास्त असली की गाडी लवकर हलते, कन्व्हर्टर कमी वेगालाच जुळतो, तेल थंड राहतं. कॅम्पग्राउंडमधला चढाचा कच्चा रस्ता, सिग्नलवर चढात थांबणं, आणि विशेषतः चढावर ट्रेलर मागे घेणं, या तीन ठिकाणी ४.३० चे पैसे वसूल होतात. टोइंगचं जे सामायिक मानक आहे, एसएई जे२८०७, त्यातही १२ टक्के चढावर पुन्हा पुन्हा सुटायची परीक्षा आहे, पुढे आणि मागे दोन्ही. आणि कंपनीच्या टोइंग तक्त्यात त्याच इंजिनाचा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे गाडी-ट्रेलर मिळूनची मर्यादा, मोठ्या रेशोला कित्येक हजार पौंडांनी जास्त असते, ती याच कारणाने.

किंमत काय मोजावी लागते? मोकळ्या गाडीला ६५ मैलांवर दहाव्या गिअरमध्ये ३.५५ चे १,४७६ आरपीएम, ४.३० चे १,७८८. रोज ऑफिसला जायला हीच गाडी असेल तर इंधनात थोडा फरक दिसेल, फार नाही. म्हणून पेट्रोल इंजिन आणि दहा हजारांच्या वरचा ट्रेलर असेल तर बिनदिक्कत ४.३०. आठ हजारांच्या आतला ट्रेलर वर्षातून दोनदाच ओढायचा असेल तर ३.५५ किंवा ३.७३ ठीक.

डिझेलचं वेगळं आहे. १,६०० आरपीएमला १,२०० पौंड-फूट हातात असलेल्या इंजिनाला सुटायला मदत लागत नाही. त्याची अडचण दुसऱ्या टोकाला येते: ३.३१ ला दहाव्या गिअरमध्ये ६५ वर १,३७६ आरपीएम होतं आणि ट्रेलर मागे असताना ते फार कमी आहे. संगणक मग आठव्या-नवव्यात खेळत राहतो. ३.५५ ला हा खेळ कमी होतो. मागे एकेकच चाक असलेल्या डिझेलला ३.५५ हा मधला मार्ग, ४.१० हा ड्यूअलीवर, पंचवीस हजारांच्या वरच्या गूजनेकसाठी (हौद्यातल्या गोळ्यावर टेकणाऱ्या ट्रेलरसाठी).

जुनी गाडी घेत असाल तर मात्र हे सगळं तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाका. सहा गिअरच्या काळात ॲक्सल रेशो खरोखर निर्णायक होता. रॅमच्या कमिन्स डिझेलबरोबर बरीच वर्षं आलेल्या ६८आरएफई गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.२३ आहे. ४.१० चा ॲक्सल लावला तरी एकूण घट १३.२, फोर्डचा दहा गिअरचा बॉक्स ३.३१ वरसुद्धा १५.३ देतो. आणि ६८आरएफईमध्ये चौथ्या आणि तिसऱ्या गिअरमधली पायरी ४१ टक्क्यांची आहे, त्यामुळे ३.४२ च्या गाडीत चढावर एक गिअर जड आणि दुसरा किंचाळणारा असं होतं. जुन्या सहा गिअरच्या रॅमने जड ट्रेलर ओढायचा असेल तर ३.७३ किंवा ४.१० च शोधा. ३.४२ ची स्वस्तात मिळते त्याला कारण असतं.

टायर बदलणाऱ्यांसाठी एक गणित. ३.५५ च्या गाडीला ३५ इंची टायर लावले की ॲक्सल परिणामाने ३.३७ चा होतो, ३७ इंचींना ३.१९ चा. दिसायला दणकट झालेली गाडी ओढायला अशक्त होते, शिवाय जड टायरांमुळे ब्रेकही लांबतात. टोइंगच्या गाडीला मूळ मापाचे टायर आणि पुरेसा लोड रेंज, बस्स.

इतर कंपन्यांचं झटपट. जीएमचं ६.६ पेट्रोल ४०१ अश्वशक्तींचं. २०२३ पर्यंत त्यामागे सहा गिअरचा बॉक्स होता, २०२४ पासून दहा गिअरचा, म्हणून जुनं घेताना वर्ष बघा. जीएमचंच डिझेल ड्युरामॅक्स २०२४ पासून ४७० अश्वशक्ती आणि ९७५ पौंड-फूट, ॲक्सल ३.४२. रॅमचं ६.४ पेट्रोल २०२४ पर्यंत ४१० अश्वशक्तींचं, २०२५ पासून ४०५, आठ गिअरच्या बॉक्ससह, त्याला ४.१० मागून घ्या. २०२५ च्या कमिन्सला अखेर आठ गिअरचा बॉक्स मिळाला, ४३० अश्वशक्ती आणि १,०७५ पौंड-फूट. जाहिरातीतले चाळीस हजार पौंडांसारखे आकडे एकाच खास मांडणीतल्या एफ-४५० चे असतात. तुमच्या कॅबचा, तुमच्या ॲक्सलचा आकडा टोइंग तक्त्यातल्या ओळीत बोट ठेवून वाचा.

पैशांचा हिशोब न करता डिझेल घेऊ नका. डिझेलसाठी ढोबळमानाने दहा हजार डॉलर जास्त जातात. ट्रेलरसह पेट्रोल गाडी गॅलनला ८ मैल आणि डिझेल ११ मैल धावली, पेट्रोल ३.२० आणि डिझेल ३.८० डॉलर धरलं, तर मैलाला पेट्रोलचे ४० सेंट, डिझेलचे साडेचौतीस. डीईएफचा (एक्झॉस्ट शुद्ध करायला डिझेल गाडीत घालायच्या द्रवाचा) जवळजवळ एक सेंट वजा करा. मैलामागे साडेचार सेंट वाचतात, म्हणजे दहा हजार वसूल व्हायला सव्वादोन लाख मैल, तेही सगळे ट्रेलरसह. विकताना काही परत येतात, पण बचतीसाठी डिझेल हे कारण या काळात टिकत नाही. तुमच्या बाबतीत उंची आणि उतार हीच कारणं, आणि ती पुरेशी आहेत.

देखभालीत पॉवर स्ट्रोकला तेल १३ क्वार्ट लागतं, ७.३ पेट्रोलला ८. इंधन फिल्टरही वेळच्या वेळी बदलावे लागतात. डीईएफ −११ अंश सेल्सिअसला गोठतं. टाकीत हीटर असतो, पण जादा कॅन थंडीत गाडीच्या मोकळ्या मागच्या भागात ठेवू नका. जवळच्या शाळेत-दुकानात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या हा डिझेलचा खरा शत्रू. एक्झॉस्टमधल्या डीपीएफ फिल्टरला काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही, रीजनरेशन म्हणजे ही जाळण्याची क्रिया अर्धवट तुटते, फिल्टर तुंबतो. रोजची धाव अशीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर भार देऊन चालवा. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते अमेरिकेत संघीय कायद्याने बेकायदा आहे, शिवाय वॉरंटी जाते.

वापरलेलं डिझेल घेताना इंधनाचा हाय-प्रेशर पंप कोणता ते विचारा. सीपी४ नावाचा पंप २०११ पासूनच्या ६.७ पॉवर स्ट्रोकमध्ये, २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९-२० च्या कमिन्समध्ये आला. यातल्या कमिन्सचा रिकॉल होऊन जुना सीपी३ परत बसवला गेला. हा पंप आतून झिजला की धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग पंपाबरोबर रेल, इंजेक्टर, लाइन सगळंच बदलावं लागतं. पंपातून परतणारं इंधन टाकीच्या बाजूला वळवणारं बायपास किट मिळतं. ते पंप वाचवत नाही, पण पुढचा खर्च वाचवतं. वॉटर सेपरेटर मात्र महिन्यातून एकदा हाताने रिकामा करायचा, दिवा लागायची वाट न बघता.

चालवताना लक्ष ठेवायची सुई म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. १८० ते २१० अंश फॅरनहाइट नेहमीचं. २३० च्या वर गेलं की पाय हलका करा आणि हाताने एक गिअर खाली घ्या. जास्त आरपीएमला तेल जास्त फिरतं आणि कन्व्हर्टर लॉक राहतो. २५० दिसलं तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. चढावर ट्रेलर मागे घेताना हे तापमान मिनिटभरात चढतं. तिथे फोर-लो (चारही चाकांना ओढ देणारा सगळ्यात हळू टप्पा) वापरा, पण सरळ रेषेत आणि शक्यतो खडीवर. कोरड्या डांबरावर फोर-लोमध्ये स्टिअरिंग वळवलं की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात, त्यात जोड तुटतात.

आणि ३.५५ ची पेट्रोल गाडी आधीच दारात असेल तर? ॲक्सलचे गिअर बदलता येतात, पण फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा दोन्ही, एकाच रेशोचे. एका टक्क्याहून कमी फरक चालतो, ३.५४ पुढे आणि ३.५५ मागे अशा जोड्या कंपन्या स्वतःच देतात. त्याहून मोठा फरक असला आणि फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना शक्ती वाटणारा भाग) जाते. काम नवशिक्या मेकॅनिकचं नाही. पिनियनची (ॲक्सलमधल्या छोट्या गिअरची) खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड लावायचा, रिंग गिअर आणि पिनियनमधली ढिलाई साधारण ०.००६ ते ०.०१० इंचांत आणायची, आणि दातांवर रंग लावून संपर्काचा ठसा मधोमध पडतोय का ते बघायचं. नेमका आकडा त्या ॲक्सलच्या सूचनापत्रात असतो. ठसा टोकाकडे सरकला तर ॲक्सल काही हजार मैलांत गुणगुणायला लागतो आणि मग ते गुणगुणणं जात नाही. नवे बेअरिंग, नवा क्रश स्लीव्ह आणि नवे रिंग बोल्ट घालायचे, जुने परत लावायचे नाहीत. काम झाल्यावर नवा रेशो संगणकात भरून घ्या, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि गिअर भलत्या वेळी बदलतात.

नवीन गिअरना जुळायला वेळ द्यायचा असतो. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मैल हळू चालवा, अर्धा तास थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिले ५०० मैल ट्रेलर नाही, जोराचा वेगही नाही. ५०० मैलांना ॲक्सलचं तेल बदला. त्यात करडी बारीक पूड दिसणं स्वाभाविक आहे, पण बोटांना टोचणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर त्याच दिवशी गाडी परत मेकॅनिककडे.